तिथीची पाऊणपट : तारकर्ली-देवबागातले चार दिवस

पहिला दिवस : गुरुवार, मार्गशीर्ष शुद्ध दशमी

सोलापूरहून बुधवारी दुपारी निघालो, रात्री कोल्हापूरला नणंदेकडे मुक्काम केला आणि गुरुवारी सकाळी राधानगरीची वाट धरली. गाडीत आम्ही पाच जण. हे, मी, सोळा वर्षांची लेक, दहा वर्षांचा धाकटा आणि सासूबाई. सासूबाईंनी सत्तरी ओलांडली आहे. पंढरीची वारी त्यांनी कितीतरी वेळा केली, चंद्रभागेत बुड्या मारल्या, पण समुद्र पाहिलेला नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्या एकदाच म्हणाल्या होत्या, "दर्या म्हणत्यात तो हाय तरी कसा, बघावं एकदा." ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. चार दिवसांची रजा जुळली तशी ही सहल ठरली.

दाजीपूरचं जंगल संपलं की फोंडा घाट उतरायला लागतो. घाटाच्या वर थंडी होती, खाली उतरल्यावर काचा उघडल्या तर अंगाला दमट हवा लागली. माती काळीची लाल झाली, ज्वारीच्या जागी भातकापणी झालेली खाचरं दिसू लागली. कणकवलीला चहा घेतला, कसालला महामार्ग सोडला आणि जेवणवेळ टळून गेल्यावर मालवण गाठलं. तिथून तारकर्ली सहा-सात किलोमीटर. तारकर्लीच्या पुढे त्याच रस्त्यानं देवबाग.

हा शेवटचा रस्ता मला फार आवडला. उजव्या हाताला माडांच्या पलीकडे समुद्र, डाव्या हाताला माडांच्या पलीकडे कर्ली नदी. मधे जमिनीची एक चिंचोळी पट्टी, त्या पट्टीवर घरं, मंदिरं, शाळा, मासे वाळत घातलेली अंगणं. ही पट्टी जिथे संपते तिथे नदी समुद्राला मिळते, त्या जागेला सगळे नुसतं 'संगम' म्हणतात. एका बाजूनं समुद्र आणि दुसऱ्या बाजूनं नदी किनारा खाते, म्हणून इथे दगडी बंधारे घातलेले दिसतात. पावसाळ्यात इथे राहणं म्हणजे काय असेल, हा विचार माझ्या मनात चारही दिवस येत होता.

आम्ही उतरलो ते मच्छीमाराचं घर होतं. मागच्या चार खोल्या पाहुण्यांसाठी, पुढे त्यांचं राहणं. मोठ्या रिसॉर्टात उतरायचं नाही हे आधीच ठरवलं होतं, कारण सासूबाईंना बोलायला माणसं लागतात. घरच्या काकूंनी पहिल्यांदा माफीच मागितली. मार्गशीर्षातला गुरुवार, घरात लक्ष्मीचा घट मांडलेला, त्यामुळे चुलीवर मासळी नाही. धाकट्याचा चेहरा पडला. पण पानात आलं काळ्या वाटाण्याचं सांबारं, गरम आंबोळ्या आणि सोलकढी. वाटपात भाजलेलं खोबरं होतं. त्यानं चार आंबोळ्या खाल्ल्या.

उन्हं कलल्यावर किनाऱ्यावर गेलो. वाळू बारीक आणि फिकी, पाय टाकला की किंचित दबते. सासूबाई माडांच्या सावलीतून पुढे आल्या आणि थांबल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग पदर खोचून सावकाश पाण्यापर्यंत गेल्या, वाकून ओंजळीत पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं आणि जिभेला लावून पाहिलं. "खारट हाय गं," त्या म्हणाल्या. आयुष्यभर ऐकलेली गोष्ट स्वतः तपासून पाहिल्यावर माणूस जसं म्हणेल, तसं.

त्याच वेळी धाकटा गुडघाभर पाण्यात होता. मी पोहायला शिकले ती आजोळच्या विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. मुलांनाही तिथेच शिकवलं. त्यामुळे मला पाण्याची भीती नव्हती, आणि खरं सांगायचं तर समुद्राची ओळखही नव्हती. विहिरीचं पाणी माणसाला कुठे नेत नाही. लाट परत फिरली तशी त्याच्या पायाखालची वाळू निघून गेली, तो बसला, आणि पाण्यानं त्याला दोन-तीन हात आत ओढलं. ह्यांनी धावत जाऊन त्याचं मनगट धरलं. सगळं पाच सेकंदांत झालं. पण त्याच्या डोळ्यांतला तो भाव मी विसरणार नाही.

घरचे काका बंधाऱ्याच्या दगडावर जाळं शिवत बसले होते. ते बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख होते, वय साठीच्या पुढचं. ते उठून आले, रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "आज तिथी काय?"

सासूबाई लगेच म्हणाल्या, "दशमी. उद्या एकादस."

"मग पाऊणपट करा. दहाची पाऊणपट साडेसात. सकाळी साडेसातला पाणी पूर्ण भरलं होतं. सहा तासांनी, दीड वाजता पूर्ण सुकलं. आता परत चढतंय. रात्री आठाच्या सुमारास भरेल."

चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा येतो आणि भरतीही त्याच्यामागून तेवढीच सरकते. म्हणून तिथीला पाऊण तासानं गुणलं की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला किंवा अमावस्येला सव्वाअकरा, मग पुन्हा प्रतिपदेपासून सुरुवात. कोकणातल्या दर्यावर्दी घरांत हे गणित पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलं आहे. अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं, त्याला भांग म्हणतात. पुनवेला आणि अवसेला जोर जास्त, ते उधाण. ओहोटीला इथला शब्द सुकती. काका म्हणाले, "भरतीक भियाचा नाय. सुकतीक भियाचा." भरतीचं पाणी माणसाला किनाऱ्याकडे आणतं आणि सुकतीचं बाहेर नेतं, असा त्याचा अर्थ त्यांनी धाकट्याला समजावून सांगितला. भरतीतही लाट परतताना पाय ओढतेच, म्हणून गुडघ्याच्या पुढे एकट्यानं जायचं नाही, हेही.

एप्रिल २०१७ मध्ये इथून जवळच, वायरीच्या किनाऱ्यावर, बेळगावहून सहलीला आलेल्या आठ जणांचा बुडून मृत्यू झाला होता. तो दिवस काकांनी पाहिलेला. त्यांनी फार बोलायचं टाळलं, आम्हीही खोदून विचारलं नाही.

रात्री सासूबाईंनी पिशवीतून त्यांचं छोटं पंचांग काढलं आणि पुढच्या तीन दिवसांच्या वेळा लेकीकडून वहीत लिहून घेतल्या. सव्वाआठ, नऊ, पावणेदहा. आमच्या सहलीचं वेळापत्रक तेच झालं.

दुसरा दिवस : शुक्रवार, एकादशी. भरती सव्वाआठला

स्कूबासाठी सकाळी लवकर निघा, असं काकांनी सांगितलं होतं. भरतीबरोबर बाहेरचं निवळ पाणी आत येतं, सुकतीला खाडीचं गढूळ पाणी समुद्रात उतरतं. पाण्याखाली लांबचं दिसायचं असेल तर ही वेळ साधावी लागते. आम्ही नऊच्या आधी मालवणच्या दांडी किनाऱ्यावर होतो.

तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे रीतसर अभ्यासक्रम करता येतो. किनाऱ्यावरून पर्यटकांना नेतात तो प्रकार साधा असतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकाळ उथळ पाण्यात, प्रत्येकासोबत एक डायव्हर, आणि वीसेक फुटांच्या आत. लेक आणि मी उतरणार होतो. धाकट्यासाठी फक्त स्नॉर्केलिंग, तेही बोटीच्या दोराला धरून. ह्यांना सर्दी होती, म्हणून डायव्हरनं त्यांना सरळ नाही म्हटलं, आणि ते योग्यच होतं. सर्दीनं नाकाच्या आणि कानाच्या मधली नळी बंद असली की आतला दाब बाहेरच्या दाबाशी जुळत नाही आणि कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते.

बोटीवर पंधरा मिनिटं शिकवलं. श्वास फक्त तोंडानं, सावकाश, आणि कधीही रोखून धरायचा नाही. तर्जनी आणि अंगठ्याचं वर्तुळ म्हणजे सगळं ठीक. अंगठा वर म्हणजे मला वर न्या. आपण जमिनीवर अंगठा वर करून 'छान' म्हणतो, पाण्यात तीच खूण केली तर डायव्हर तुम्हाला लगेच वर काढतो. लेकीनं हे दोनदा घोकलं.

पहिला अर्धा मिनिट कठीण गेला. नाक बंद, तोंडात रबरी नळी, आणि छातीला वाटतं की हवा पुरणार नाही. विहिरीतली सगळी सवय उलटी पडते, कारण तिथे बुडी मारायची म्हणजे श्वास कोंडायचा. इथे पाण्याखाली श्वास घ्यायचा होता. डायव्हरनं माझ्या डोळ्यांत बघत हातानं 'सावकाश' केलं. दोन-चार श्वास आत गेले, बुडबुड्यांचा आवाज एका लयीत यायला लागला आणि छाती मोकळी झाली. खाली जाताना कान दुखले. पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो, पण कानाला तो दोन-तीन मीटरवरच कळतो. नाक चिमटीत धरून हळूच फुंकलं की कानात 'टक्' होतं आणि दुखणं थांबतं.

मग खाली बघितलं.

खडकावर पिवळसर, तपकिरी, मेंदूसारख्या वळ्यांची प्रवाळं होती. अंगावर काळे उभे पट्टे असलेल्या माशांचा थवा माझ्या चेहऱ्यासमोरून गेला आणि एकालाही माझी घाई नव्हती. एका फटीत काटेरी काळा गोळा बसला होता, त्याचे काटे पाण्याबरोबर हलत होते. वरून येणारा उजेड वाळूवर जाळीसारखा सरकत होता. लेक माझ्यापासून चार हातांवर होती, तिनं वर्तुळाची खूण केली आणि मी उत्तरादाखल तीच केली. आमच्या दोघींमधलं इतकं शांत बोलणं गेल्या वर्षभरात झालं नव्हतं. दहावीचं वर्ष होतं ते, घरात सतत आवाज होते.

एक गोष्ट मात्र खुपली. शेजारच्या बोटीवरून मासे गोळा करण्यासाठी पावाचे तुकडे टाकत होते आणि एक पर्यटक फोटोसाठी प्रवाळाला हात टेकून उभा होता. हा परिसर मालवणचं सागरी अभयारण्य आहे, १९८७ साली जाहीर झालेलं, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, लाखो बारीक जिवांची वसाहत आहे आणि ती वर्षाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर एवढीच वाढते. एक पाय पडला की कित्येक वर्षांची वाढ मोडते. आमच्या डायव्हरला आम्ही आधीच सांगितलं होतं, पाव टाकू नका, मासे नाही दिसले तरी चालेल. तो मनापासून हसला. म्हणाला, असं सांगणारे पाहुणे वाढले तर हे आपोआप बंद होईल.

तिथून जेटीवर येऊन किल्ल्याची होडी धरली. सासूबाई आता तयार होत्या, उपास असूनही. वाटेत मोरयाचा धोंडा पाहिला. २५ नोव्हेंबर १६६४ ला छत्रपती शिवाजी महाराजांनी किनाऱ्यावरच्या या खडकाशी पूजा करून कुरटे बेटावर किल्ल्याचा पाया घातला आणि १६६७ मध्ये बांधकाम पूर्ण झालं. धोंड्यावर गणेश, चंद्र-सूर्याच्या आकृती कोरलेल्या आहेत. सासूबाईंनी चंद्रावर बोट फिरवलं.

किल्ल्याचा दरवाजा शेवटपर्यंत दिसत नाही. तट असा वळवलाय की होडी अगदी जवळ आल्यावर दोन बुरुजांच्या बगलेत तो सापडतो. आत शिवराजेश्वराचं मंदिर, राजाराम महाराजांनी बांधलेलं. इथली महाराजांची मूर्ती दाढीशिवाय आहे. तटाजवळच्या घुमटीत त्यांच्या हाताचा आणि पायाचा ठसा जपलेला आहे. धाकट्यानं स्वतःचा पंजा हवेत धरून मापला.

मला मात्र सर्वांत जास्त धरून ठेवलं ते तीन विहिरींनी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंना खारं पाणी आणि मधे गोड्या पाण्याच्या विहिरी. बेटावर पडणारं पावसाचं पाणी जमिनीत मुरतं आणि हलकं असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं, बेताबेतानं उपसलं तर ते पुरतं. पण बेट निवडताना हे कुणीतरी आधी पाहिलं असणार, चाखलं असणार. आमच्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघितलेल्या बाईला विहिरीकाठी उभं राहून जे वाटायचं ते वाटलं. सासूबाईंनी दोन्ही हात जोडले. आदल्या दिवशी समुद्राला जोडले होते तसेच.

परतीला पाणी बरंच उतरलं होतं. जेटीच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या, शेवाळानं हिरव्यागार. होडीवाल्यानं सासूबाईंना दोन्ही दंडांना धरून उतरवलं. घरी काकूंनी त्यांच्यासाठी वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि उकडलेली रताळी केली होती. आमच्यासाठी बांगड्याचं तिखलं, तिरफळ घातलेलं. दोन्ही ताटं एकाच पडवीत, कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

तिसरा दिवस : शनिवार, द्वादशी. भरती नऊला

पहाटे काकांनी दार वाजवलं. "रापण लागली."

रापण बघायची तर उजाडताना किनाऱ्यावर असावं लागतं. होडी जाळं घेऊन अर्धवर्तुळात फिरते, जाळ्याची दोन टोकं दोराला बांधून किनाऱ्यावर ठेवलेली असतात. मग दोन्ही बाजूंना माणसं रांगेत उभी राहतात आणि दोर ओढत ओढत एकमेकांकडे सरकतात. तीस-पस्तीस माणसं असतील. म्हातारे, कॉलेजची पोरं, आणि ज्यांचं त्या दिवशी दुसरं काम नव्हतं ते शेजारी. आम्हालाही दोर धरू दिला. ओला काथ्याचा दोर हाताला काचतो. ओढायचं हातांनी नाही, टाचा वाळूत रोवून कमरेनं, हे लेकीला शेजारच्या आजोबांनी दाखवलं. समोरून कुणीतरी ताल देतं, सगळे एकदम मागे झुकतात, आणि समुद्र वीतभर पुढे येतो.

तासाभरानं जाळ्याचं पोट उथळ पाण्यात आलं आणि वरती कुरवांचा थवा ओरडत घिरट्या घालू लागला. आत तारल्या, पेडवे, थोडे बांगडे, दोन-चार लेप. चांदीसारखं हलणारं ते सगळं बघून धाकटा नाचायला लागला. पण दोर सोडलेल्या माणसांचे चेहरे मी बघत होते. मासळी कमी होती. वाटे पडले, बायकांनी पाट्या भरल्या, लिलाव झाला. दोर धरल्याबद्दल आम्हालाही मूठभर तारल्या मिळाल्या, नको म्हटलं तरी ऐकलं नाहीत. ओढणाऱ्याचा वाटा असतो, तसा रिवाज आहे.

काका वाटेत बोलले. खोल समुद्रात माशांचा अख्खा थवा घेरणाऱ्या पर्ससीन जाळ्यांच्या मोठ्या बोटी, रात्री एलईडी दिव्यांनी मासे गोळा करणं, त्यामुळे किनाऱ्याकडे येणारी मासळीच तुटते. राज्य सरकारनं २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, एलईडीच्या मासेमारीला बंदी आहे, तरी पारंपरिक मच्छीमारांना दरवर्षी आंदोलनं करावी लागतात. त्यांच्या दोन मुलांपैकी एक आता पर्यटकांची बोट चालवतो. "दर्याक सोडलो नाय, एवढाच बरा," ते म्हणाले. मला वाटतं, किनाऱ्यावर चार दिवस मजा करायला जाणाऱ्यांनी एक सकाळ या दोराला द्यावी. आपण जिथे खेळतो ती कुणाच्या तरी कामाची जागा आहे, हे तळहाताला कळतं.

घरी येऊन सासूबाईंनी द्वादशीचं पारणं सोडलं. घावणे आणि नारळाचा रस.

दुपारचा बेत सुकतीवर ठरला होता. भरती नऊला, म्हणजे तीनच्या सुमारास पाणी सर्वांत खाली. तेव्हा कर्लीच्या मुखाजवळ नदीच्या पात्रात वाळूचा एक दांडा उघडा पडतो, त्याला सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात. २००४ च्या त्सुनामीनंतर तो वर आला असं इथली माणसं सांगतात. देवबागच्या धक्क्यावरून होडीनं दहा-पंधरा मिनिटं. वाटेत दोन्ही काठांना तिवरांची दाटी, त्यांची मुळं चिखलातून वर आलेली, आणि फांदीवर निळाभोर खंड्या. एक ब्राह्मणी घार डोक्यावरून इतकी खाली गेली की तिच्या पंखांची विटकरी छटा स्पष्ट दिसली.

दांड्यावर मात्र जत्रा होती. बनाना राइड, बंपर राइड, जेट स्की, चहा-भजीचे स्टॉल. धाकट्याला बनाना राइड हवीच होती. तिथे एका ठिकाणी त्याला जे लाइफ जॅकेट दिलं, त्याचा मधला बक्कल तुटलेला होता आणि मापही मोठ्या माणसाचं. मी दुसरं मागितलं तर उत्तर मिळालं, "पाणी कंबरभरच आहे, काही होत नाही." मी पैसे परत घेतले. मोठ्या मापाचं जॅकेट पोराच्या अंगात नुसतं घातलं तर पाण्यात पडल्यावर ते वर सरकतं, तोंडावर येतं, आणि पोर खालून निसटतं. शेजारच्या बोटवाल्याकडे लहान मापाची जॅकेटं होती आणि मांड्यांमधून जाणारा पट्टाही. त्यानं न सांगता पट्टा आवळला, खांद्याला धरून वर ओढून पाहिलं. मग मी पोराला सोडलं. तीन वेळा पाण्यात पडला आणि तीनही वेळा ओरडत वर आला.

लेकीनं कयाक घेतली. तिच्यासोबत तिवरांच्या कडेनं मीही गेले. मोटारीचा आवाज मागे राहिला की वल्ह्यावरून गळणाऱ्या थेंबांचा आवाज येतो. साडेतीनला पाण्यावरचा पाचोळा, जो इतका वेळ समुद्राकडे चालला होता, जागच्या जागी थांबला. मग थोड्या वेळानं तोच पाचोळा उलट्या दिशेनं, नदीच्या वर निघाला. पाणी वळताना मी पहिल्यांदा पाहिलं. लेकीनं वल्हं आडवं ठेवलं आणि आम्ही दोघी काही न करता त्या पाचोळ्याबरोबर वर जात राहिलो.

सासूबाई तोपर्यंत दांड्याच्या टोकाला खुर्चीत बसून होत्या. आम्ही परतलो तर त्यांनी पाण्याच्या कडेला काडी रोवली होती आणि काडीच्या अलीकडे पाणी आलेलं होतं. भजीवाल्या बाईशी त्यांची ओळख झाली होती, तिच्या मुलीच्या लग्नाची सगळी हकीकत त्यांना ठाऊक होती.

रात्री गावच्या देवळात दशावतार होता. सासूबाईंनी जागायचं ठरवलं, मुलंही बसली. संकासुर आला तेव्हा धाकटा माझ्या मांडीत शिरला. आख्यानातले संवाद आधी लिहिलेले नसतात, नट जागेवर रचतात, हे कळल्यावर लेक सरसावून बसली. मी मात्र दीडलाच झोपेला शरण गेले. काथ्यानं खांदे भरून आले होते.

चौथा दिवस : रविवार, त्रयोदशी. भरती पावणेदहाला

निघायचा दिवस. तरी पहाटे साडेसहाला संगमावरून काकांच्या मुलाच्या बोटीत बसलो, डॉल्फिन बघायला. लवकर का, तर पाणी चढतं असताना मुखातून बाहेर पडणं सोपं असतं. सुकतीचा जोरदार प्रवाह बाहेरून येणाऱ्या लाटांवर आदळला की मुखावर लाटा उभ्या राहतात आणि खालून वाळूचा बांध असतो. बोटी उलटतात त्या बहुधा अशा जागी. त्यानं सगळ्यांची जॅकेटं तपासली, सासूबाईंना मधल्या फळीवर बसवलं.

बाहेर पडल्यावर डावीकडे भोगव्याचा किनारा, लांबच लांब आणि त्या वेळी एकही माणूस नसलेला. पुढे निवती, डोंगरावर किल्ला, आणि खाली सकाळच्या उन्हात सोनेरी दिसणारे कडे. तिथे त्यानं मोटार बंद केली. डॉल्फिनच्या मागे बोट पळवायची नाही, थांबायचं, त्यांना वाटलं तर ती येतात, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या दोन बोटी आवाज करत पुढे निघून गेल्या. आम्ही डुलत राहिलो.

दहा मिनिटांनी उजवीकडे 'फुस्स' असा आवाज झाला. करडी पाठ, त्यावर उंटाच्या मदारीसारखा उंचवटा आणि छोटा पर, पाण्यातून वर आला आणि गोल फिरून खाली गेला. मग दुसरी, आणि तिच्याला चिकटून एक पिल्लू, फिकट रंगाचं. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात, नद्यांच्या मुखांशी राहणारी ही जात आहे, चित्रांत दिसतात तशा उंच उड्या ती क्वचितच मारते. चार-पाच वेळा ती वर आली, प्रत्येक वेळी तो श्वासाचा आवाज. सासूबाई एकदम म्हणाल्या, "ती पण दम घ्यायला वर येतीय व्हय?" हो, म्हटलं, मासा नाही ती, तिला फुप्फुसं आहेत, पिल्लाला दूध पाजते. त्यानंतर त्या पिल्लाच्याच जागेकडे बघत राहिल्या.

भोगव्याला अर्धा तास उतरलो. तिथे पोहलोही, बोटवाल्यानं दाखवलेल्या पट्ट्यातच, किनाऱ्याला समांतर. समुद्रात पोहताना लाटेला सामोरं राहायचं आणि ती फुटायच्या आधी तिच्या खाली जायचं, हे त्यानं धाकट्याला शिकवलं. गुरुवारी ज्याचं मनगट ह्यांनी धरलं होतं, तो पोरगा रविवारी लाट मोजून उडी घेत होता. मी कमरेएवढ्या पाण्यात त्याच्या बाहेरच्या बाजूला उभी होते, समुद्राच्या आणि त्याच्या मधे.

साडेनऊला परत मुखातून आत आलो तेव्हा पाणी काठोकाठ होतं. कालचा त्सुनामी आयलंड कुठे होता ते ओळखायलाही आलं नाही.

काकूंनी कोकमं, मालवणी खाजं आणि सुक्या तारल्यांचं पुडकं बांधून दिलं. तारल्यांवर तीन वेगवेगळी वेष्टनं, गाडीत वास येऊ नये म्हणून. सासूबाईंनी मला त्यांची खणानारळानं ओटी भरायला लावली आणि स्वतःही भरली. बाराला निघालो, फोंडा घाट उन्हातच चढलो आणि रात्री उशिरा सोलापुरात आलो.

पंधरवड्यानंतरची गोष्ट. मार्गशीर्ष वद्य एकादशी, सकाळची वेळ, मी डबे भरत होते. सासूबाई देवासमोरून उठल्या, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सव्वाआठ झाले होते.

"पाणी भरलं असंल बघ आता," त्या म्हणाल्या, आणि उपासाचा चहा घ्यायला बसल्या.